सुगम्यतेचे प्रशिक्षण: आधी नियमांची वही उघडा

प्रश्न असा आहे: एकाच आवारात संग्रहालय, ग्रंथालय आणि अभिलेखागार असलेल्या संस्थेला अपंग आणि वयस्क अभ्यागतांना नीट सेवा द्यायची आहे. त्यासाठी बाहेरचा वक्ता बोलावून सगळ्या कर्मचाऱ्यांची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची, असा विचार आहे. तेवढ्याने भागेल का? नेमके काय शिकवावे? आणि उपयोग झाला हे कसे ओळखावे?

भागणार नाही. एकाचे तीन दिवस केलेत तरी भागेल असे वाटत नाही, कारण अडचण कार्यशाळेच्या गृहीतकातच आहे. कर्मचाऱ्यांमध्ये संवेदनशीलता कमी आहे, ती वाढवली की काम झाले, असे धरून या कार्यशाळा आखल्या जातात. मी तिन्ही प्रकारच्या संस्थांमध्ये हे प्रशिक्षण बरीच वर्षे देतो आहे. माझ्या पाहण्यात संवेदनशीलतेचा फारसा तुटवडा नसतो. तुटवडा असतो परवानगीचा. दारावरच्या रक्षकाला दिसत असते की समोरच्या आजींना फार वेळ उभे राहवणार नाही, म्हणून त्यांनी घडीचे स्टूल आणले आहे. पण आत काही न्यायचे नाही असा नियम आहे, आणि उद्या त्या स्टुलामुळे काचपेटीला धक्का लागला तर नोकरी कोणाची जाईल हेही त्याला माहीत आहे. तो नाही म्हणतो. अशा माणसाला तुम्ही दिवसभर हृदयस्पर्शी चित्रफिती दाखवल्यात, तर दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांत पाणी आणून नाही म्हणेल, इतकाच फरक.

म्हणून प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी नियमांची वही काढा. संग्रहालयाचे अभिरक्षक, जतन विभाग, ग्रंथपाल, अभिलेखागाराचे प्रमुख आणि सुरक्षा अधिकारी यांना एका टेबलाभोवती बसवा आणि संस्थेत कशाकशाला बंदी आहे ते सगळे लिहून काढा: पाणी, पिशवी, पेन, छायाचित्र, स्पर्श, बोलणे, बसणे, ध्वनिमुद्रण, सोबतचा माणूस. प्रत्येक बंदीसमोर तीन गोष्टी लिहायच्या. ती का आहे, ती कोणासाठी सैल करता येईल, आणि ती जागच्या जागी सैल करण्याचा अधिकार कोणाला आहे.

पाण्याला बंदी आहे ती वस्तूंजवळ सांडू नये म्हणून. मग ज्याला औषध घ्यायचे आहे त्याने दालनाबाहेरच्या मार्गिकेत पाणी प्यायले तर बिघडत नाही, आणि तेवढे सांगायला रक्षकाला वर फोन करावा लागू नये. छायाचित्राला बंदी फ्लॅशमुळे किंवा हक्कांमुळे असते. अंशतः दृष्टी असलेला माणूस मात्र फोनने फलकाचा फोटो काढतो तो अक्षरे मोठी करून वाचण्यासाठी. फ्लॅश बंद असेल तर दालन-सहायकाने तिथेच हो म्हणावे. अभिलेखागारात फक्त पेन्सिल चालते, कारण शाईचा डाग निघत नाही. पण ज्याच्या बोटांत पेन्सिल ठरत नाही त्याला कळफलक किंवा ध्वनिमुद्रक नाकारण्याचे कारण त्या नियमात कुठेच नाही.

या बैठकांमध्ये वाद होतात. होऊ द्या. जतन विभागाची भीती खोटी नसते, आणि ती ऐकून न घेता केलेले नियम पहिल्याच महिन्यात गुपचूप गुंडाळले जातात. शेवटी प्रत्येक जागेसाठी एक पान तयार झाले पाहिजे: हे मी स्वतः देऊ शकतो, हे अमुक अधिकाऱ्याला विचारून देईन, हे देता येत नाही आणि त्याचे कारण हे. तुमच्या प्रशिक्षणाचे पाठ्यपुस्तक हेच पान.

यादीत कोणाची नावे हवीत

प्रशिक्षणाची यादी मागितली की संस्था बहुधा कायम नोकरीतल्या लोकांची नावे देतात. अभ्यागताला मात्र पहिली भेटतात ती कंत्राटावरची माणसे: फाटकावरचा रक्षक, तिकीट खिडकीवरचा मुलगा, स्वच्छतागृहातल्या ताई. ही माणसे कंत्राटदाराची, म्हणून यादीत नसतात, आणि सहा महिन्यांनी बदलतात. कंत्राटातच कलम घाला की नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे प्रशिक्षण मिळेल आणि तो वेळ कामाचा धरला जाईल. सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी बोलावलेल्या माणसाकडून शिकण्याची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा वर्ग वरिष्ठांचा. ते उद्घाटनाला येतात आणि चहानंतर निघून जातात. पण वर सांगितलेल्या पानावर सही त्यांची असते. सहायकाने पानाप्रमाणे निर्णय घेतला आणि त्याबद्दल त्याला बोलणी बसली, की सगळे प्रशिक्षण त्या क्षणी संपते. म्हणून वरिष्ठांचे वेगळे सत्र घ्या आणि त्यात एकच विषय ठेवा: खालच्या माणसाने पानाप्रमाणे सूट दिली आणि तरी काही बिघडले, तर तुम्ही काय कराल?

सगळ्यांना एकत्र शिकवायचे ते थोडेच आहे, दोन तासांत होते. ज्याच्याशी काम आहे त्याच्याशी बोला, सोबतच्या माणसाशी नव्हे. "यांना काय हवंय?" हा प्रश्न व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून विचारला जातो तेव्हा त्याला तो रोज ऐकून पाठ झालेला असतो. प्रौढ माणसाला अरे-तुरे करू नका. बोलण्यात अडखळणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत चांगली चांगली माणसेही हे नकळत करतात. मदत हवी का ते आधी विचारा, हवी असेल तर कशी तेही विचारा, आणि "नको" म्हटले तर बाजूला व्हा. व्हीलचेअर, पांढरी काठी आणि मार्गदर्शक कुत्रा यांना मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अपंगत्व कसे आले याची चौकशी करायची नाही.

कायद्याला दहा मिनिटे पुरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातले कलम ३० सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे आणि त्यात संग्रहालये व ग्रंथालये यांचा नावानिशी उल्लेख आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सुगम्य आणि समावेशक असणे हा व्याख्येचाच भाग झाला. आपण उपकार करत नसून नेमून दिलेले काम करतो आहोत, एवढे कळण्यापुरता कायदा सांगा आणि पुढे चला.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावण्याचा खेळ मात्र यादीतून काढून टाका. आयोजकांना तो फार आवडतो, फोटोही छान येतात. पण अर्धा तास पट्टी बांधलेल्या माणसाला कळते ती नुकतीच दृष्टी गेलेल्याची गोंधळलेली अवस्था. वर्षानुवर्षे काठीने वावरणाऱ्याचे कसब त्यातून कळत नाही. खेळ संपल्यावर मनात उरते ती भीती आणि कणव, आणि कणव वाटणारा सहायक पुढच्या वेळी न विचारता दंड धरून ओढतो. त्याऐवजी शिकवायला अपंग व्यक्तींनाच बोलवा, आणि इतर कोणत्याही तज्ज्ञाला द्याल तेवढे मानधन त्यांना द्या. एकच व्यक्ती बोलावून सगळे अपंगत्व उरकू नका. व्हीलचेअर वापरणारा माणूस कर्णबधिरांच्या वतीने बोलू शकत नाही, आणि बोलायची त्याची इच्छाही नसते.

दालनात

यापुढचे प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका, ज्याच्या त्याच्या जागेवर घ्या. दालन-सहायकांपासून सुरुवात करतो, कारण त्यांना शिकण्यासारखे सगळ्यांत जास्त आहे आणि त्यांना विचारले सगळ्यांत कमी जाते.

पहिले, वाट दाखवणे. दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरायचा नाही, आपले कोपर पुढे करायचे. ती कोपराच्या जरा वर धरते आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालतो. आपण वळलो, थांबलो की तिला ते हातातूनच कळते. पायऱ्या आल्या की चढायच्या आहेत की उतरायच्या ते सांगायचे. अरुंद जागेत कोपर पाठीमागे न्यायचे, म्हणजे ती आपोआप मागे येते. खुर्चीपाशी पोचल्यावर तिचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यायचा, पुढचे ती बघते. आणि जाताना "मी निघतो" असे म्हणायचे, नाहीतर आपण गेल्यावरही ती आपल्याशी बोलत राहते. दृष्टिहीन प्रशिक्षकाने प्रत्येक सहायकाचे कोपर धरून दालनाला एक फेरी मारावी आणि चुका तिथल्या तिथे सांगाव्यात. वीस जणांच्या गटाला यासाठी अख्खी सकाळ लागते. ती द्या.

दुसरे, वस्तूचे वर्णन. "इथे बघा, ही बाजूची मूर्ती" या वाक्याचा ज्याला दिसत नाही त्याला काही उपयोग नाही. आधी वस्तू काय आहे, केवढी आहे, कशाची आहे. मग एकंदर आकार आणि ठेवण. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने तपशील. रंग वगळू नका. अनेकांची दृष्टी पुढच्या वयात गेलेली असते, त्यांच्या मनात रंग जिवंत असतात, आणि जन्मांध व्यक्तीलाही लाल आणि काळा यांचा जगातला अर्थ ठाऊक असतो. सरावासाठी दोन सहायक पाठीला पाठ लावून बसतात. एक जण समोरच्या वस्तूचे मिनिटभर वर्णन करतो, दुसरा ऐकून कागदावर काढतो. चित्र पाहून हसू येते, आणि काय सांगायचे राहिले ते कोणी न सांगताच कळते.

तिसरे, स्पर्श. इथे सहायक आणि जतन विभाग यांची जोडी जमवावी लागते. घामातले क्षार आणि त्वचेचे तेल धातूवर गंज धरतात, कागदावर आणि कापडावर डाग पाडतात. कठीण दगड त्या मानाने सोसतो, पण हजारो हातांनी तोही गुळगुळीत होतो. म्हणून कोणत्या वस्तूंना हात लावता येईल याची यादी जतनतज्ज्ञ करतो, सहायक नाही. त्या वस्तूंसाठी अंगठ्या आणि घड्याळ काढणे, हात धुऊन कोरडे करणे, आणि धातू असेल तर पातळ नायट्राइलचे हातमोजे. मूळ वस्तू देता येत नसेल तर प्रतिकृती. इटलीतल्या अँकोना इथले ओमेरो स्पर्शसंग्रहालय १९९३ पासून शिल्पांच्या प्रतिकृती हाताने पाहू देते, आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये काही चित्रांच्या उठावदार प्रती करून त्या स्पर्शासाठी मांडल्या होत्या.

पण उठावदार चित्र नुसते समोर ठेवले तर बोटांना ते वाचता येत नाही. शब्दांनी बोटांना वाट दाखवावी लागते: "डावा हात खालच्या कडेवर ठेवा, उजवा हळूहळू वर न्या, जिथे खडबडीत लागेल तिथे तिचे केस सुरू होतात." हे एक वेगळेच कसब आहे. ज्याला ते जमते अशा सहायकाला गमावू नका.

कर्णबधिर अभ्यागतांबद्दल बहुतेकांना एवढेच सांगितले जाते की तोंड समोर ठेवून बोला, ओरडू नका, तोंडावर उजेड असू द्या. हे बरोबर आहे, पण खरी गफलत मार्गदर्शित फेरीत होते. ऐकणारा माणूस ऐकता ऐकता वस्तू पाहतो. खुणांच्या भाषेत ऐकणाऱ्याचे डोळे दुभाष्यावर असतात, त्यामुळे त्याला एका वेळी एकच गोष्ट पाहता येते. मार्गदर्शक "आता या कोपऱ्यात बघा" म्हणत बोलतच राहिला तर त्या माणसाने एकतर कोपरा चुकवायचा किंवा वाक्य चुकवायचे. उपाय साधा आहे. दुभाष्याने वस्तूच्या शेजारी उभे राहायचे, मार्गदर्शकाने आधी बोलायचे, मग गप्प बसून पाहायला वेळ द्यायचा, मग पुढे जायचे. या शांततेची बोलघेवड्या मार्गदर्शकांना फार अडचण होते, सरावाने सुटते. आणखी एक: खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ज्याची पहिली भाषा ती आहे त्याला कागदावर लिहून दिलेला लांबलचक मजकूर सोपा जाईलच असे नाही.

प्रकाशाबद्दलही सहायकांना कळले पाहिजे, कारण तक्रारी त्यांच्याकडे येतात. कागद, कापड, जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. दुसरीकडे साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने बराच कमी प्रकाश पोचतो. "दिवे वाढवता येत नाहीत" एवढे म्हणून अभ्यागताला वाटेला लावू नये. डोळे सरावण्यासाठी दोन-चार मिनिटे दाराशी बसायला सांगावे, मोठ्या अक्षरातली फलकांची पुस्तिका द्यावी, आणि फलकावर वेगळा दिवा नसेल तर ते वर कळवावे.

ग्रंथालयात

ग्रंथालयातले लोक मदतीला तत्पर असतात, आणि त्यांची चूक तिथेच होते. व्हीलचेअरवरचा वाचक आला की ते म्हणतात, "नाव सांगा, मी आणून देतो." हवे असलेले पुस्तक मिळतेही. पण वाचक कपाटापाशी जातो तो शेजारचे पुस्तक दिसावे म्हणूनही. कपाटांमधली वाट किमान ९० सेंटिमीटर ठेवता येत नसेल, वरचा कप्पा हाताला येत नसेल, तर त्या विषयाचा अख्खा कप्पा ढकलगाडीवर घालून आणा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथपालांना तोंडपाठ असतो. वाचता येईल अशा स्वरूपातली प्रत, म्हणजे सुगम्य प्रत, मिळायला एका वाचकाला पाच मिनिटे आणि दुसऱ्याला पाच आठवडे लागत असतील, तर हा नियम कोणापुरता पाळला जातो आहे ते त्यांनाच विचारा. चर्चा छान होते.

डिजिटल साहित्याचे प्रशिक्षण मी प्रत्यक्ष परीक्षेने सुरू करतो. माउस बाजूला ठेवायचा, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली, चालू करायचा, पडदा बंद करायचा आणि आपल्याच ग्रंथालयाच्या तालिकेत एक पुस्तक शोधायचे. वर पट्टीच्या खेळाला नावे ठेवून इथे हे कसे, असे कोणी विचारेल. इथे आपण अंधत्वाचा अनुभव घेत नाही, आपल्या संकेतस्थळाची तपासणी करतो. जे सापडते ते दोष संकेतस्थळाचे असतात आणि त्यांची यादी संगणक विभागाकडे जाते. टॅब कळ कुठे अडकते, शोधाच्या चौकटीला नाव आहे का, चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे त्याचे शब्दांतले वर्णन, आहे का, शीर्षके खरी शीर्षके आहेत की नुसती ठळक केलेली अक्षरे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा, हा वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला आकडा, तो मोजणारी मोफत साधने आहेत.

यातली सगळ्यांत मोठी फसगत स्कॅनची. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ चढवली की काम झाले असे वाटते. ती पानांची चित्रे असतात, स्क्रीन रीडरला त्यांत एक अक्षरही सापडत नाही. त्यावर अक्षरओळख चालवावी लागते आणि निघालेला मजकूर तपासावा लागतो; देवनागरीत जोडाक्षरे आणि रफार इथे यंत्र अजून घसरते. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमधले मजकूर. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, आतमध्ये रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि स्क्रीन रीडर ती खिचडी इमानाने वाचून दाखवतो. जुन्या सूची आणि अहवाल अशा फाँटमध्ये असतील तर ते युनिकोडमध्ये बदलून घेणे हे कोणत्याही कार्यशाळेपेक्षा मोठे काम होईल.

"कॉपीराइट आहे, प्रत देता येत नाही" हे वाक्यही इथे ऐकू येते. माराकेश करार २०१३ मध्ये झाला, ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. त्यानुसार ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी अधिकृत संस्थांना हक्कधारकाच्या परवानगीशिवाय सुगम्य प्रत करता येते आणि ती करारातल्या दुसऱ्या देशातल्या वाचकापर्यंत पोचवताही येते. यात फक्त दृष्टिहीन येतात असे नाही. डिस्लेक्सियासारखी वाचनाची अडचण असलेले आणि पुस्तक हातात धरता किंवा पाने उलटता न येणारेही येतात. आपल्या देशाच्या कायद्यात ही तरतूद कशी उतरली आहे आणि आपली संस्था त्यात कुठे बसते, एवढे एका पानावर लिहून संदर्भ टेबलावर चिकटवा.

अभिलेखागारात

अभिलेखागाराकडे या प्रशिक्षणात सगळ्यांत शेवटी लक्ष जाते, कारण तिथे येणारी माणसे कमी. पण तिथला नकार सगळ्यांत महाग पडतो. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी असते, दप्तरातल्या कागदाची बहुधा नसते.

वाचनकक्षाची व्यवस्था दोन गृहीतकांवर उभी असते: वाचक एकटा येतो आणि गप्प बसतो. दृष्टिहीन संशोधक वाचून दाखवणाऱ्या माणसाला घेऊन येतो, आणि तो माणूस मोठ्याने वाचणारच. त्याला प्रवेशपत्र कोणत्या नावाने द्यायचे, शपथपत्रावर सही कोणाची, कागद हाताळण्याची जबाबदारी कोणाची, आणि बसवायचे कुठे, याची उत्तरे आधीच तयार हवीत. वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर ठरावीक वेळी एखाद्या कर्मचाऱ्याच्या केबिनमध्ये देखरेखीखाली बसवता येते. अंशतः दृष्टी असलेल्या वाचकासाठी पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र असते. बऱ्याच ठिकाणी ते धूळ खात पडलेले असते, कारण विकत घेतले त्या वर्षी ज्याला ते चालवता यायचे त्याची बदली झाली. कक्षातल्या प्रत्येकाला ते चालू करून, एक कागद लावून, अक्षर मोठे करून दाखवता आले पाहिजे. पाच मिनिटांचा धडा आहे.

"डिजिटल प्रत आहे, मूळ कशाला?" आणि "मूळ आहे, डिजिटल कशाला?" ही दोन्ही उत्तरे चुकीच्या माणसाला दिली जातात. ज्याला येणे अवघड आहे त्याला प्रत हवी असते. ज्याला स्कॅनवरची फिकट अक्षरे दिसत नाहीत त्याला मूळ कागद तिरप्या उजेडात हवा असतो. आधी काय अडते ते विचारा.

आणखी एक गोष्ट सुगम्यतेत मोडते असे लोकांना वाटत नाही. वेड्यांची इस्पितळे, अनाथालये, सुधारगृहे यांची दप्तरे मागायला येणारा माणूस अनेकदा स्वतःची किंवा आपल्या आईची नोंद शोधत असतो. जुन्या सूचींमधली भाषा क्रूर असते. मूळ शब्द पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. पण सूचीत आजचे वर्णन शेजारी जोडता येते, आणि खोका देण्याआधी "यातली भाषा त्रास देणारी आहे, मधे थांबायचे असेल तर बाहेर बसायला जागा आहे" असे शांतपणे सांगता येते. हे वाक्य सहज म्हणता यावे म्हणून एकमेकांसमोर म्हणून बघावे लागते.

न दिसणारी अपंगत्वे आणि आणीबाणी

स्वमग्नता, स्मृतिभ्रंश, मानसिक आजार, अपस्मार, सतत दुखणे यांतले काहीच बाहेरून दिसत नाही. पुरावा मागू नका, हा नियम. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर न दिसणारे अपंगत्व असलेल्यांसाठी गळ्यात घालायच्या हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलाची खूण सुरू झाली आणि आता ती जगभर दिसते. ती घातलेली व्यक्ती थोडा जास्त वेळ आणि समजूत मागते आहे, एवढेच सहायकाने ओळखायचे. गर्दी-आवाजाने कोणी कोलमडले तर आजूबाजूची माणसे हटवायची, आवाज कमी करायचा, प्रश्नांचा भडिमार करायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. अपस्माराचा झटका आला तर वेळ बघायची, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचे, दाबून धरायचे नाही, तोंडात काही घालायचे नाही, झटका ओसरल्यावर कुशीवर वळवायचे. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका.

आग लागली की लिफ्ट बंद होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. वरच्या मजल्यावर व्हीलचेअरवर कोण आहे, तो कोणत्या सुरक्षित जागी थांबणार, त्याच्याजवळ कोण राहणार आणि भोंगा ऐकू न येणाऱ्याला स्वच्छतागृहातून कोण बाहेर काढणार, हे कोणालाच ठाऊक नसते. जिन्यावरून उतरवायची खुर्ची असेल तर पुढच्या सरावात एका वरिष्ठाला तीत बसवून खाली आणा. यंत्रणेतले दोष किती झपाट्याने दुरुस्त होतात ते पाहा.

टिकवायचे कसे, मोजायचे कसे

वार्षिक कार्यशाळेपेक्षा महिन्यातून एकदा सकाळच्या हजेरीच्या वेळी पंधरा मिनिटे जास्त उपयोगी पडतात. त्या महिन्यात घडलेला एकच प्रसंग घ्यायचा, कोणाचे नाव न घेता, आणि पानाप्रमाणे काय करता आले असते ते बोलायचे.

प्रशिक्षणानंतर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर विश्वास ठेवू नका. जेवण चांगले असले तरी गुण वाढतात. प्रत्येक जागेवर एक नकारवही ठेवा. कोणालाही कशालाही नाही म्हटले की तारीख, काय मागितले, आणि का दिले नाही, एवढी एक ओळ. सुरुवातीला लोक लिहीत नाहीत, त्यांना ती चौकशीची वही वाटते. पहिल्या महिन्यातल्या नोंदींमुळे एखादा नियम खरोखर बदलला की लिहू लागतात. महिन्याअखेर नोंदींचे चार ढीग करा: नियमच चुकीचा होता, नियम ठीक होता पण सूट देण्याचा अधिकार त्या माणसाला नव्हता, अधिकार होता पण त्याला माहीत नव्हते, आणि खरोखरच देता येण्यासारखे नव्हते. यातला फक्त तिसरा ढीग प्रशिक्षणाने कमी होतो. पहिले दोन ज्यांच्या टेबलावर जायला हवेत त्यांची नावे तुमच्या पहिल्या बैठकीच्या हजेरीपत्रकावर आहेत.

चौथा ढीग संकेतस्थळावर जातो. "वरच्या दालनाला लिफ्ट नाही, मधल्या वळणावर बसायला बाक आहे, तिथल्या वस्तूंची छायाचित्रे आणि वर्णने तळमजल्यावर पाहता येतात" इतके स्पष्ट लिहिले असेल तर यायचे की नाही, कोणाला सोबत आणायचे, हे माणूस घरीच ठरवतो. हे पान अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणत्या पदावर आहे ते लेखी ठरवा. चालू असलेली लिफ्ट बिघडली तर दुरुस्तीवाल्याच्या आधी त्या माणसाला फोन गेला पाहिजे.